शिकायला गाव सोडून आलात? पहिल्या दोन महिन्यांत एवढं करून घ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की बीड, परभणी, हिंगोली, जालना, धाराशिवच्या गावागावांतून मुलं-मुली लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरची वाट धरतात. सोबत एक बॅग, गादीची वळकटी, आईने करून दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि दहा जणांनी दिलेला एकच सल्ला: चांगला अभ्यास कर. दिवाळीपर्यंत यातली बरीच मुलं म्हणायला लागतात की मन लागत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, सारखं घरी जावंसं वाटतं. घरच्यांना वाटतं लेकरू बिघडलं. लेकराला वाटतं आपल्यातच दम नाही.

मी पदवीच्या वर्गांना शिकवतो. अशा विद्यार्थ्याला जवळ बसवून शांतपणे विचारलं की बहुतेक वेळा ठोस कारणं निघतात. रात्री दोनला झोपतो. सकाळी उपाशी वर्गात येतो. मेसचे पैसे थकलेत. इंग्रजीतून शिकवलेलं कळत नाही आणि हे त्याने कुणालाच सांगितलेलं नाही. कारण असलं की त्याच्यावर काहीतरी करता येतं. "आपल्यात दम नाही" या वाक्यावर मात्र काहीच करता येत नाही, म्हणून ते आधी सोडा.

पुढे जे सांगतोय ते त्याच क्रमाने करा. पोट आणि झोप ठिकाणावर नसताना नुसतं मनाला समजावून उपयोग होत नाही.

१. खोली बघताना भाड्याच्या आधी पाणी विचारा

नवीन मुलं भाडं, डिपॉझिट आणि क्लासपासूनचं अंतर एवढंच बघतात. मराठवाड्यात त्याच्याही आधी पाणी येतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. बऱ्या पावसाच्या वर्षीही आपल्या शहरांत कित्येक वसाहतींत नळ रोज येत नाही. म्हणून घरमालकाला सरळ विचारा: नळ किती दिवसांआड येतो? बोअर आहे का, आणि एप्रिल-मेमध्ये ते चालतं का? टँकर मागवावा लागला तर पैसे कुणी द्यायचे? उत्तर "बघू तेव्हा" असं आलं तर आधीपासून तिथे राहणाऱ्या मुलांना गाठून विचारा. ते खरं सांगतात.

पाणी रोज येत नाही म्हणून ते ड्रममध्ये, टाकीत, बादल्यांत साठवलं जातं आणि इथूनच तब्येतीचा पहिला प्रश्न सुरू होतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य विभाग सांगतो. खोलीतल्या सगळ्यांनी मिळून एक वार ठरवा. त्या दिवशी ड्रम रिकामा करायचा, आतल्या कडा घासायच्या (अंडी कडांना चिकटून राहतात) आणि भरल्यावर झाकण किंवा कापड घट्ट बांधायचं. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त रात्री अगरबत्ती लावून भागत नाही. अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं असं झालं तर मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या, दवाखान्यात जाऊन रक्त तपासा.

प्यायच्या पाण्याचंही तसंच. वीस लिटरचा जार थंडगार असतो म्हणून तो शुद्ध असतोच असं नाही. जार कुठून येतो ते बघा, शंका वाटली तर पाणी उकळून प्या. खोलीवर इंडक्शन असेल तर हे रोजचं दहा मिनिटांचं काम आहे. टायफॉइड आणि दूषित पाण्यातून होणारी कावीळ हे दोन्ही आजार तुमचा महिना-दीड महिना सहज खाऊन टाकतात. सेमिस्टरच जेमतेम चार-पाच महिन्यांचं असतं.

खोलीला खिडकी हवी, आणि ती उघडता यायला हवी. वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली स्वस्त मिळते, पण नेमक्या उन्हाळी परीक्षांच्या वेळी ती भट्टी होते. चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यात पत्र्याखाली रात्री झोपच लागत नाही, मग चिडचिड, डोकेदुखी आणि विसरभोळेपणा हे सगळं ओघाने येतं. दोन-तीनशे रुपये जास्त देऊन स्लॅबची खोली घेणं परवडतं.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. काही ठिकाणी खोली दाखवण्याआधी आडनाव विचारतात, आणि आडनाव ऐकलं की खोली "कालच गेली" असते. हे ज्याच्या वाट्याला येतं त्याच्या मनात ते वर्षभर घर करून राहतं. तो अपमान गिळून एकटे फिरू नका. महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना, समाजकल्याणच्या वसतिगृहातल्या सीनियर मुलांना सांगा. चांगली घरं कुठे मिळतात हे त्यांना माहीत असतं. महाविद्यालयाच्या आवारातच भेदभाव झाला तर समान संधी कक्षाकडे लेखी द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

२. मेस लावा, पण ताटाकडे नीट बघा

मेसची गंमत पहिला आठवडा असते. नंतर पातळ वरण, पाणचट बटाटा आणि रविवारची फिस्ट एवढ्यावर महिना निघतो. बहुतेक मेसमध्ये पोट भरतं, पण प्रथिनं आणि लोह कमी पडतं. लोह कमी झालं की रक्तातलं हिमोग्लोबिन उतरतं, थकवा येतो, जिना चढताना धाप लागते, वाचताना लक्ष उडतं. पुष्कळ मुली हे आळसाच्या नावावर खपवतात. हिमोग्लोबिन मुलींमध्ये १२ आणि मुलांमध्ये १३ ग्रॅमच्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. पहिल्या महिन्यातच करून घ्या.

यावरचा उपाय आपल्याच भागात पिकतो. ज्वारी, हरभरा, तूर, शेंगदाणा, सोयाबीन, तीळ, अंबाडी, मेथी. खोलीवर तीन बरण्या ठेवा: फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. रात्री मूठभर मटकी किंवा हरभरा भिजत घाला, सकाळी कांदा-टोमॅटो चिरून वर लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं. चहाने उलटं होतं, म्हणून जेवणाला लागून चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा. अंडी खात असाल तर दोन उकडलेली अंडी हा सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा नाश्ता आहे. नसाल खात तर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) करा, त्यात शेंगदाणे सढळ हाताने घाला.

सकाळचा नाश्ता बुडवू नका. आठच्या क्लासला धावत जायचं, अकराला टपरीवर चहा-खारी, दुपारी दीडला पहिलं जेवण, असा दिनक्रम पहिल्याच महिन्यात पक्का होऊन बसतो आणि मग पित्त, डोकेदुखी, वर्गात पेंग.

लातूरला कोणत्याही दुपारी बसस्थानकावर गेलात तर एक गोष्ट दिसेल. आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या एसटीतून कापडी पिशव्यांत बांधलेले डबे उतरतात. पिशवीवर पेनाने नाव लिहिलेलं असतं, गाठ आईने मारलेली असते आणि पोरं गर्दीत आपली पिशवी ओळखून काढतात. तुमचं गाव तासा-दीड तासाच्या अंतरावर असेल तर ही सोय जरूर करा. त्यात भाकरी तर असतेच, पण आपल्यासाठी पहाटे कुणीतरी चूल पेटवली हे रोज पोचतं, आणि त्याचा मनावर होणारा परिणाम मी स्वतः बघितलेला आहे. फक्त उन्हाळ्यात ओलं कालवण टाळा, चार तासांत आंबतं. धपाटे, चटणी, कोरडी भाजी टिकते.

३. झोपेचं वेळापत्रक आधी, अभ्यासाचं नंतर

खोलीवर सगळे उशिरापर्यंत जागतात, कारण लवकर झोपणारा "सिरियस नाही" असं कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं. वस्तुस्थिती उलटी आहे. दिवसभर वाचलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेत करतो. चार तास झोपून बारा तास वाचणारा मुलगा भोकाच्या घागरीत पाणी ओततोय. अठराच्या पुढच्यांना सात ते नऊ तास, अकरावी-बारावीच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. तीन-चार रात्री नीट झोप झाली नाही तर धडधाकट माणसालाही उदास आणि चिडचिडं वाटायला लागतं. म्हणून मुलाने "लई डाऊन वाटतंय" म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो: परवा किती वाजता झोपलास?

घडी बसवायची ती अशी. उठायची वेळ ठरवा, झोपायची नव्हे. साडेपाच म्हणजे रविवारीसुद्धा फार तर साडेसहा. उठल्यावर गच्चीत किंवा ग्राऊंडवर जाऊन पंधरा-वीस मिनिटं उन्हाच्या उजेडात चाला. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या पुढे नेऊ नका. चहा-कॉफी चारनंतर बंद, कारण चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनंतरही निम्मं अंगात शिल्लक असतं. मोबाइल चार्जिंगला उशाशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावा. असं दोन आठवडे केलं की झोप आपोआप वेळेवर यायला लागते.

रूम पार्टनर रात्री दिवा चालू ठेवत असेल तर पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. "अकरानंतर टेबल लॅम्प, फोन बाहेर" असा साधा नियम आधीच ठरला तर भांडण होत नाही. दोन महिने मनात धुमसून मग बोललात तर नक्की होतं.

व्यायामासाठी जिम लागत नाही. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं घाम येईल असं चालणं-पळणं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे ग्राऊंडवर असतातच, त्यांच्यासोबत दोन फेऱ्या मारा. ओळखीही होतात.

४. पैशाचं आधी बोला

मला वाटतं आपल्या भागात मनावरचा सगळ्यात मोठा ताण हाच आहे, आणि समुपदेशनाच्या व्याख्यानांत त्याचं नावही निघत नाही. घरचा पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. सोयाबीन निघून बाजारात गेलं, कापूस वेचून विकला, की येतो. पाऊस ऐन काढणीत पडला तर तेवढाही येत नाही. बीडकडच्या कित्येक मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परततात. फडात रेंज नसते. रात्री कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, आल्यावर बाप फोन करतो आणि विचारतो, "पैसे हायत का?" पोरगं म्हणतं, "हायत." दोघंही एकमेकांपासून झाकतात, आणि पोरगं दुसऱ्या दिवसापासून एक वेळचं जेवतं.

म्हणून प्रवेश घेतल्याच्या आठवड्यातच ही कामं उरका.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. त्यासाठी तहसीलमधून चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तिथे जात वैधता आणि नॉन क्रिमी लेअर, रहिवास, मागची गुणपत्रिका काढून ठेवा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारा, कारण पैसे तिथेच अडकतात. अर्ज मंजूर दिसला तरी महाविद्यालयाच्या लॉगिनवर तो पुढे सरकला का, हे क्लार्ककडे जाऊन बघा. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून घरी परत जायची गरज नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातीसाठी स्वयंम, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी, नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या असतात, त्या संबंधित जिल्हा कार्यालयात समजून घ्या. मिळणारी रक्कम उशिरा येते, हे धरून चाला. विद्यापीठात आणि बऱ्याच महाविद्यालयांत "कमवा आणि शिका" आहे. रोज दोन-तीन तास ग्रंथालयात किंवा कार्यालयात काम करून मेसचा भार हलका होतो. त्यात कमीपणा मानणारा मित्र असेल तर मित्र बदला.

एसटीचा विद्यार्थी पास काढा, भाड्यात दोन तृतीयांश सवलत मिळते. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत आहे.

आणि मेसवाल्या मावशींना, घरमालकाला आधीच सांगा की पैसे सुगीनंतर येतील. बहुतेक जण ऐकून घेतात, त्यांचीही घरं शेतीवरच चालतात. तोंड चुकवणं मात्र कुणालाच आवडत नाही.

कितीही नड असली तरी मोबाइलवरच्या कर्ज ॲपच्या वाटेला जाऊ नका. दोन-चार हजारांसाठी ते तुमचे सगळे संपर्क उचलतात आणि नंतर आईच्या फोनवर घाण फोटो पाठवण्याची धमकी देतात. पैसे लावून खेळायच्या रमी-क्रिकेटच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, तरी लिंका फिरत असतात. अडकला असाल तर आणखी पैसे भरून सुटका होत नाही. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा आणि एका मोठ्या माणसाला सांगा.

५. इंग्रजीची भीती वर्गात बोलून टाका

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिला-दुसरा आलेला मुलगा विज्ञान शाखेच्या पहिल्या तासाला बसतो आणि त्याला "रिअ‍ॅक्शन" सोडून काही कळत नाही. तोच मुलगा आठवडाभरात मागच्या बाकावर जातो. त्याला रसायनशास्त्र येत नाही असं नसतं. "अभिक्रिया", "संयुजा", "द्रावण" हे सगळं त्याला मराठीत पाठ असतं. नुसती नावं बदललेली असतात.

मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही पुस्तकं जवळ ठेवा. प्रत्येक विषयाची एक लहान वही करा. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे वर्गात ऐकलेला इंग्रजी शब्द, उच्चार देवनागरीत. एका प्रकरणात सहसा तीस-चाळीसच शब्द नवे असतात. दोन महिन्यांत वर्ग कळायला लागतो. तोपर्यंत तास संपल्यावर सरांना, मॅडमना गाठून विचारा: "सर, हे एकदा मराठीत सांगता का?" एक शिक्षक वैतागेल, दोन बसवून सांगतील.

'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीला आलेल्यांना वेगळं सांगायचंय. क्लासमध्ये दर आठवड्याला चाचणी होते, मार्कांची यादी भिंतीवर किंवा ग्रुपवर लागते, आणि ७२० पैकी किती यावरून खोलीत मान ठरतो. ही यादी बघून जेवण टाकणारी मुलं आहेत. यादीतला क्रमांक बघू नका, कोणत्या प्रकरणात किती चुकलं एवढंच वहीत उतरवा. घरच्यांना दर रविवारी मार्क कळवायची सवय लावू नका, महिन्यातून एकदा कळवा आणि हे आधीच सांगून ठेवा. आणि डॉक्टर व्हायचं तुमच्या मनात आहे की मामाच्या, हा प्रश्न अकरावीच्या दिवाळीत घरात बोलायचा असतो. दुसऱ्या रिपीटनंतर बोलायचं म्हटलं की फार जड जातं.

६. माणसं जोडणं

पहिले तीन-चार आठवडे घरची आठवण येणारच. रोज दहा वेळा फोन केला तर ती वाढते, अजिबात केला नाही तर कुढणं वाढतं. संध्याकाळची एक वेळ ठरवा. पहिला महिनाभर दर शनिवारी गावी पळू नका. इथला रविवार कसा काढायचा हे शिकूनच जीव रमतो. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव द्या. सात दिवसांच्या शिबिरात जितक्या ओळखी होतात तितक्या वर्षभर वर्गात होत नाहीत.

गावाकडची टोळी सोबत असते, तिचा आधार मोठा. पण त्याच टोळीत मावा, पुडी, शनिवारची बाटलीही सुरू होते, आणि बहुतेक जण "ताण कमी होतो" म्हणून सुरू करतात. तंबाखूने थोड्या वेळासाठी बरं वाटतं कारण तिचीच तलफ भागते. ताण तिथेच असतो. दारूने झोप उथळ होते. नाही म्हणायचं तर कारण देत बसू नका, "मला नको" एवढंच म्हणा आणि तिथून उठा.

रॅगिंगला महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. "ओळख परेड" म्हणून कपडे काढायला, नाचायला, रात्रभर उभं राहायला लावलं तर ते रॅगिंगच. देशपातळीवरचा क्रमांक १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू असतो. नाव न सांगताही तक्रार करता येते.

७. मुलींसाठी, आणि मुलांनीही वाचावं असं

महाविद्यालयातली स्वच्छतागृहं घाण असतात म्हणून मुली सकाळपासून पाणीच पित नाहीत. लघवी दाबून धरल्याने आणि पाणी कमी प्यायल्याने मूत्रमार्गाला संसर्ग होतो, जळजळ, ताप येतो, आणि हे सांगायचं कुणाला म्हणून अंगावर काढतात. पाणी सोडू नका. चार-पाच जणींनी मिळून प्राचार्यांना स्वच्छतागृहाबद्दल लेखी द्या, दर महिन्याला द्या. पाळी दोन-तीन महिने चुकली, किंवा अंगावरून इतकं जायला लागलं की चक्कर येते, तर सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोग विभागात जा. लग्न झालेलं नसलं तरी तिथे जाता येतं.

छेडछाड शिक्षकाकडून होवो की विद्यार्थ्याकडून, प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. रस्त्यात कुणी मागे लागलं तर ११२ या पोलीस मदत क्रमांकावर फोन करा.

आणि स्थळं. सुट्टीत गावी गेलेली मुलगी परत येत नाही, हे आपल्याकडे अजून घडतं. वर्गातल्या मैत्रिणीच्या बोलण्यात तसं काही आलं आणि तिला अठरा पूर्ण नसतील तर १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर कळवा. कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. अठरा पूर्ण असतील तरी तिच्या मनाविरुद्ध लग्न लावता येत नाही. कधी कधी एखाद्या मॅडमनी वडिलांना केलेला एक फोन वर्षभराची मुदत मिळवून देतो. ही मदत मागायला लाजू नका.

८. एवढं करूनही बरं वाटत नसेल तेव्हा

खाणं, झोप, पैसा, अभ्यास यांची घडी बसवूनही कधी कधी मन वर येत नाही. तेव्हा तो आजार असू शकतो आणि आजाराला डॉक्टर लागतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटणं, आधी आवडायचं त्यात रस न उरणं, भूक किंवा झोप एकदम कमी-जास्त होणं, कारणाशिवाय रडू येणं, आपण ओझं आहोत असं वाटणं, छातीत धडधडून श्वास कोंडणं, कुणी नसताना आवाज ऐकू येणं. यातलं काही असेल तर वाट बघू नका. "बाहेरचं बघितलं" म्हणून कुणी अंगारा लावला तर लावू दे, पण डॉक्टरकडे जाणं त्यासाठी थांबवू नका.

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे १४४१६. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फोन करून नीट सांगता येत नसेल तर "मला बोलायचंय, कुठून सुरुवात करू कळत नाही" एवढं म्हणा, पुढचं ते विचारतात. महाविद्यालयात समुपदेशक आहे का तेही विचारा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने तो नेमला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलेलं आहे. नसेल तर प्राचार्यांना हेच दाखवून मागा.

मित्राबद्दल काळजी वाटत असेल तर त्याला बाजूला घेऊन थेट विचारा: "जीव द्यायचा विचार येतोय का तुझ्या मनात?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट कुणाला तरी दिसतंय या जाणिवेने माणूस बोलतो. हो म्हणाला तर उपदेश नको, आईबापाची शपथ नको, "लोकांचं बघ किती वाईट आहे" नको. ऐका, एकट्याला सोडू नका, त्याच्यासोबत बसूनच १४४१६ लावा, आणि तातडी असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिकेने सरकारी रुग्णालयात न्या. "कुणाला सांगू नको" असं वचन त्याने मागितलं तर देऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखाली असलेला मानलं जातं. पोलीस केसच्या भीतीने उपचार टाळू नयेत.

उपचार कुठे, तर छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालय, लातूर, नांदेड आणि अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात जा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

सकाळी लवकर जा, कारण केसपेपरची रांग मोठी असते. आधार कार्ड, जुनी कागदपत्रं असतील तर ती, आणि सोबत एक माणूस न्या. जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा: त्रास कधीपासून, झोप किती, भूक कशी, घरात कुणाला असा आजार होता का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांकडे गर्दी असते, समोर बसल्यावर निम्मं विसरतं. परीक्षेच्या तारखाही सांगा, म्हणजे झोप येणारं औषध द्यायचं की नाही, कोणत्या वेळी द्यायचं, हे ते ठरवतील. उदासीनतेवरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा सुस्ती येऊ शकते. त्यामुळे चार दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडू नका, आणि बरं वाटायला लागलं म्हणून स्वतःच बंदही करू नका. गोळ्या चालू केल्यावर अस्वस्थपणा वाढला, किंवा जीव द्यायचे विचार जास्त येऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी परत जा. पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्या, आणि सोबत आलेल्या माणसालाही ती सांगून ठेवा.